छायाचित्राची पाठ

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरापासून उत्तरेला, रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर लफबरो नावाचे गाव आहे. तिथे ग्रेट सेंट्रल रेल्वे या बंद पडलेल्या मार्गाचा सुमारे आठ मैलांचा तुकडा हौशी मंडळींनी जिवंत ठेवला आहे. त्यावर आजही वाफेची इंजिने धावतात. काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त लेस्टरला राहणाऱ्या मुलीकडे गेलो असताना मी तिथे गेलो. गाडीला अवकाश होता. स्टेशनात जुन्या पुस्तकांचे एक टेबल मांडलेले होते आणि त्याच्या कडेला बुटांच्या खोक्यात पोस्टकार्डाएवढे काळे-पांढरे फोटो उभे लावून ठेवलेले होते. कोणताही घ्या, पन्नास पेन्स. मी वीस फोटो घेतले. मुलगी म्हणाली, ''बाबा, सगळी इंजिने सारखीच तर दिसतात.''

तिचे चुकले नव्हते. सगळ्या फोटोंत इंजिन डावीकडून किंवा उजवीकडून तिरपे, ऊन छायाचित्रकाराच्या खांद्यावरून आलेले, आकाश कोरे. पण फोटो उलटून पाहिले तेव्हा चित्र बदलले. एकाच्या पाठीवर पेन्सिलीने इंजिनाचा क्रमांक, शेडचे नाव, तारीख आणि 'ढगाळ' एवढा एक शब्द. दुसऱ्याच्या पाठीवर एकाने लिहिलेली तारीख दुसऱ्याने खोडून, वर नवी घालून, पुढे प्रश्नचिन्ह दिले होते. तिसऱ्यावर निळ्या रबरी शिक्क्याचा पुसट ठसा, नाव वाचता न येणारा. चौथ्याची पाठ कोरी.

माझे वडील मनमाडच्या लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे इंजिनांबद्दलचे कुतूहल घरातूनच आलेले. बाकी माझे शिक्षण बेताचे. जे काही कळते ते रद्दीतली पुस्तके, ग्रंथालये आणि पत्रव्यवहार यांतून. म्हणूनच असेल, त्या खोक्यातल्या फोटोंपेक्षा त्यांच्या पाठीवरचा हस्ताक्षरातला वाद मला जवळचा वाटला. तेव्हापासून ब्रिटिश रेल्वेची जुनी छायाचित्रे मी जमेल तशी पाहत आलो आहे. या छायाचित्रांकडे सहसा स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते, किंवा इतिहासाची पुरवणी म्हणून. मला ती एक वाङ्मयप्रकार वाटतात. तिला नियम आहेत, परंपरा आहे, बंडखोर आहेत, आणि तिची स्वतःची एक मोठी आंधळी जागा आहे.

परंपरेपासून सुरुवात करतो. १९२२ साली मॉरिस अर्ली या रेडिंगच्या छायाचित्रकाराने 'रेल्वे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या सभासदांचे फोटो संचाच्या रूपाने टपालाने फिरत. अशा फिरत्या संचाची रीत साधी असते. पाकीट आपल्या घरी आले की आपला मागच्या खेपेचा फोटो काढून घ्यायचा, नवा घालायचा, इतरांच्या फोटोंवर अभिप्राय लिहायचा आणि पाकीट पुढच्या पत्त्यावर रवाना करायचे. आपल्याकडच्या हस्तलिखित मासिकांची ज्यांना आठवण आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे लेखाऐवजी फोटो, आणि टीकाकारांमध्ये कारकून, धर्मोपदेशक, शाळामास्तर, डॉक्टर असे सगळे. छायाचित्र 'दाखवणे' आणि छायाचित्र 'तपासून घेणे' या दोन गोष्टी त्या पाकिटात एकच होत्या. समाजमाध्यमांवरच्या लाइकच्या काळात हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

या तपासणीतून कडक नियम तयार झाले. ऊन पाठीशी हवे. इंजिनाच्या डोक्यातून सिग्नलचा खांब उगवलेला दिसता कामा नये. उभ्या इंजिनाचा फोटो असेल तर चाकांना जोडणारे दांडे खालच्या स्थितीत हवेत, म्हणजे चाकांचे आरे मोकळे दिसतात. हा शेवटचा नियम वाचून मला प्रथम हसू आले. नंतर वडिलांची आठवण झाली. तेही फोटोतल्या इंजिनाकडे पाहताना आधी चाकांकडेच पाहत. ज्याला यंत्र कळते त्याला त्यातले काय झाकले गेले हे आधी दिसते. त्या दृष्टीने हा नियम सौंदर्याचा कमी आणि माहितीचा अधिक आहे. जसा आपल्या बखरीत किंवा दानपत्रात तिथी-वार-नक्षत्राचा मायना असतो तसा.

नियमांचे दुसरे मूळ कारखान्यांत आहे. इंजिन बांधून पूर्ण झाले की कंपनीचा अधिकृत छायाचित्रकार त्याचा फोटो काढी. त्या काळच्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, तो काळा उमटे. मिडलंड कंपनीचे किरमिजी इंजिन फोटोत डांबरासारखे यायचे. यावर उपाय म्हणून नव्या इंजिनाला फोटोपुरता राखाडी रंग देत, बरेचदा फक्त कॅमेऱ्याकडच्या बाजूला. त्यावर पांढऱ्या रेघा ओढत. फोटो झाला की खरा रंग. पुढे काचेच्या निगेटिव्हवर रंगाचा लेप देऊन मागची भिंत, शेड, माणसे, सगळे झाकून टाकत. कागदावर उरे ते पांढऱ्या पोकळीत तरंगणारे राखाडी इंजिन, जे त्या रूपात एक दिवसही रुळावर धावलेले नसे. मुंबई प्रांतात येणारी कितीतरी इंजिने लँकेशायर आणि ग्लासगोच्या कारखान्यांतून निघताना अशीच राखाडी होऊन आली. जीआयपी रेल्वेची पहिली इंजिनेही लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतली. आपण ज्याला 'खरा जुना फोटो' म्हणून वाखाणतो तो कित्येकदा असा रंगवलेला आणि खरवडलेला असतो, आणि त्या खरवडण्यात सर्वांत आधी माणसे जातात.

तरीही या प्रकाराची खरी ताकद तपशिलात आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला. सुमारे ७५ माणसे गेली. चौकशीसाठी डंडीच्या व्हॅलेंटाइन या छायाचित्र कंपनीने तुटलेल्या खांबांचे बारकाईने फोटो घेतले. चौकशी न्यायालयाने पुलाची रचना, बांधणी आणि देखभाल तिन्ही सदोष ठरवली आणि रचनाकार टॉमस बाउच यांचे नाव कायमचे डागाळले. हे फोटो मग ग्रंथालयात पडून राहिले. सव्वाशे वर्षांनी पीटर लुईस या अभियांत्रिकीच्या अभ्यासकाने ते संगणकावर मोठे करून तपासले. तिरपे गज जिथे खांबांना जोडले होते तिथले ओतीव लोखंडाचे कान कसे तुटले आहेत, हे त्यांनी पाहिले आणि गाड्यांच्या वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ते आधीच खिळखिळे झाले होते असा निष्कर्ष २००४ च्या पुस्तकात मांडला. निष्कर्षावर वाद होऊ शकतो. पण १८८० मध्ये फोटो काढणाऱ्याने तुटलेल्या लोखंडाची कड स्पष्ट यावी म्हणून जी मेहनत घेतली, ती त्याच्या पणतवंडांच्या काळात साक्षीला उभी राहिली.

हौशी मंडळींचे तारीख ठरवण्याचे शास्त्रही याच जातीचे. १ जानेवारी १९४८ ला ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर इंजिनामागच्या कोळशाच्या टेंडरवर आधी नुसती अक्षरे, मग चाकावर स्वार झालेला सिंह, आणि १९५६ पासून मुकुटातून वर आलेला, हातात चाक धरलेला सिंह. म्हणजे टेंडर दिसले की फोटोच्या काळाचा अंदाज आला. केबिनवर पिवळा तिरपा पट्टा दिसला तर फोटो १९६४ च्या उत्तरार्धाच्या आधीचा नाही, कारण क्रूच्या दक्षिणेला विजेच्या तारांखाली ज्या इंजिनांना मज्जाव झाला त्यांनाच तो पट्टा मारला गेला. मी घेतलेल्या फोटोतली ती खाडाखोड याच पट्ट्यावरून झाली होती. पहिल्याने १९६३ लिहिले होते. दुसऱ्याने पट्टा पाहून ते खोडले. फोटो चार हातांत फिरल्याशिवाय ही चूक सापडली नसती. एकट्याच्या कपाटात ती सुखाने नांदली असती.

या परंपरेतल्या तीन माणसांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हेन्री कॅसर्ली (१९०३–१९९१) हे पहिले. विशीच्या आतच कॅमेरा घेऊन निघालेले हे गृहस्थ पुढे अनेक दशके ब्रिटन आणि आयर्लंडच्या कानाकोपऱ्यांत फिरले. त्यांना भव्य एक्सप्रेसचे अप्रूप कमी. आडगावच्या फाट्यावरचे, उद्या मोडीत निघेल असे म्हातारे इंजिन दिसले की ते तिथे उभे. त्यांचे फोटो दिसायला साधे, जवळजवळ रुक्ष आहेत. पण ज्या शाखा आता नांगरल्या गेल्या आहेत, जी स्टेशने आता कुणाच्या परसात गेली आहेत, त्यांचा हा पंचनामा आहे. मला कॅसर्लींचा निर्विकारपणा आवडतो. फोटोत ते स्वतःला घुसू देत नाहीत.

एरिक ट्रेसी (१९०७–१९७८) यांचे अगदी उलट. हे लिव्हरपूलच्या एज हिल भागात धर्मोपदेशक होते, तिथेच रुळांच्या कडेला उभे राहण्याचा छंद जडला. पुढे वेकफिल्डचे बिशप झाले तरी तो सुटला नाही. इंजिनचालकांशी त्यांची दोस्ती होती आणि बिशपसाहेब कॅमेरा घेऊन उभे आहेत असे दिसले की चालक मुद्दाम धूर काढत, असे सांगतात. त्यांच्या फोटोंत चढण, धूर, ऊन आणि पोलाद यांचा उत्सव आहे. १३ मे १९७८ ला ॲपलबी स्टेशनवर 'ईव्हनिंग स्टार' या इंजिनाची वाट पाहत असताना ते कोसळले आणि गेले. ईव्हनिंग स्टार हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, १९६० चे. नियमित सेवेत ते जेमतेम पाच वर्षे होते. ट्रेसींचे सुमारे बारा हजार फोटो आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहेत. थक्क करणारे काम आहे, यात शंका नाही. पण बरेच फोटो सलग पाहिले की मला भजनी मंडळाच्या टिपेची आठवण होते. सगळेच शिखरावर, उतार नाहीच. जो माणूस चालकांना नावाने ओळखत होता, त्याची कीर्ती मात्र चालक ठिपक्याएवढा दिसणाऱ्या फोटोंवर उभी आहे.

तिसरा बंडखोर, कॉलिन गिफर्ड. त्यांची 'डिक्लाइन ऑफ स्टीम' (१९६५) आणि 'ईच अ ग्लिम्प्स' (१९७०) ही पुस्तके पाहिली की आधीचे सगळे नियम मोडलेले दिसतात. ऊन समोरून, इंजिन लांब आणि काळे, पुढे ओल्या फरसबंदीची गल्ली, कामगारांच्या एकसारख्या घरांच्या ओळी, पुलावर वाकलेली पोरे. क्रमांक वाचता येत नाही. जुन्या मंडळींना हे रुचले नाही, हे समजण्यासारखे आहे; त्यांच्या दृष्टीने तो पुरावा नष्ट करणे होते. मला विचाराल तर रेल्वे ही इंजिनांची नसून गावाची, धुराने काळ्या झालेल्या भिंतींची आणि तिथे राहणाऱ्यांची गोष्ट आहे, हे या छायाचित्रप्रकारात गिफर्डइतक्या ठामपणे आधी कुणी मांडले नव्हते. मात्र त्यांची माणसेही बहुधा सावल्याच आहेत. सुंदर सावल्या, पण सावल्या.

आता मुद्द्याच्या जागी येतो. मार्च १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. २,३६३ स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करावेत अशी त्यात शिफारस होती. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सुमारे वीस हजार असलेली वाफेची इंजिने मुख्य मार्गांवरून ११ ऑगस्ट १९६८ ला संपली. त्या दिवशी लिव्हरपूलहून कार्लाइलला गेलेल्या निरोपाच्या गाडीचे तिकीट पंधरा गिनी होते. या पाच-सहा वर्षांत ब्रिटनमध्ये रेल्वेचे जेवढे फोटो निघाले तेवढे आधी क्वचितच निघाले असतील. मरणशय्येवरच्या माणसाभोवती नातेवाईक जमावेत तसे लोक कॅमेरे घेऊन जमले. माझ्या वीस फोटोंपैकी अकरा याच काळातले आहेत.

या काळात बंद झालेल्या मार्गांपैकी एक म्हणजे ग्रेट सेंट्रल. लफबरोचा जिवंत तुकडा त्याचाच. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनपासून उत्तरेकडे जाणारा हा मार्ग थेट मार्ग म्हणून सप्टेंबर १९६६ मध्ये बंद झाला. शेवटच्या गाड्यांचे फोटो पुस्तकांत भरपूर आहेत. मेरिलबोनचे काम आटत चालले होते. तिथे ॲस्क्विथ झेविअर नावाचे गार्ड होते, कॅरिबियन बेटांतल्या डॉमिनिकाचे. पोर्टर म्हणून लागून गार्ड झालेले. काम कमी होत असल्याने त्यांनी युस्टन स्टेशनवर बदली मागितली. ती नाकारली गेली. कारण असे, की युस्टनवर गार्डच्या जागी गोरे नसलेल्यांना घ्यायचे नाही असा कामगारांचे स्थानिक प्रतिनिधी आणि व्यवस्थापन यांच्यात पन्नाशीच्या दशकापासून समझोता होता. १९६५ च्या वंशविषयक कायद्यात नोकऱ्यांचा समावेशच नव्हता. तो व्हायला १९६८ उजाडावे लागले. प्रकरण बाहेर आले, वाहतूकमंत्री बार्बरा कासल यांच्यापर्यंत गेले, जुलै १९६६ मध्ये बंदी उठली आणि १५ ऑगस्टला झेविअर युस्टनवर रुजू झाले. त्यांना धमक्या आल्या होत्या.

युस्टन म्हणजे तेव्हा छायाचित्रकारांचे तीर्थ. १८३७ ची तिथली दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडली गेली, जॉन बेट्जमनसारख्या कवीने ती वाचवायची खटपट केली, आणि त्या पाडकामाचे फोटो आजही हळहळत छापले जातात. नवे स्टेशन उभे राहतानाचेही आहेत. मी गेली काही वर्षे साठीच्या दशकातल्या युस्टन आणि मेरिलबोनच्या फोटोंत गार्ड शोधत आहे. झेविअरच असे नाही, कोणताही गार्ड. मी जे पाहिले त्यात गार्ड सापडतो तो डब्याच्या दारातून बाहेर आलेल्या हातात, हिरव्या झेंडीच्या टोकात, चौकटीने अर्धा कापलेल्या खांद्यात. कारण उघड आहे. गार्ड गाडीच्या शेपटाला असतो आणि सगळे कॅमेरे तोंडाकडे. झेविअर यांचा चेहरा आपल्याला दिसतो तो वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांमुळे. रेल्वेवर जीव ओवाळणाऱ्या मंडळींनी त्याच आठवड्यांत, त्याच फलाटांवर, इंजिनाचा शेवटचा आकडाही चुकू न देता हजारो फोटो काढले, आणि त्या फलाटावर चाललेली सर्वांत मोठी घटना त्यांच्या चौकटीत आली नाही.

हा आरोप नाही. म्हणजे, थोडा आहे. शनिवार-रविवारी खिशातल्या पैशांनी फिल्म विकत घेऊन हिंडणाऱ्या पोरांकडून पत्रकारितेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे मला कळते. पण चौकटीचे नियम निष्पाप नसतात. दांडे खाली आहेत की नाही हे पाहण्याचे शिक्षण ज्या डोळ्याला तीन पिढ्या मिळाले, त्याला दांड्यांना तेल घालणारा दिसेनासा होतो.

उलट उदाहरण याच मार्गावर, सत्तर वर्षे आधीचे आहे. ग्रेट सेंट्रलचा लंडनकडचा फाटा १८९४ ते १८९९ या काळात बांधला गेला. त्या बांधकामाचे फोटो लेस्टरच्या एस. डब्ल्यू. ए. न्यूटन यांनी काढले; त्यांचा मोठा संग्रह लेस्टरशायरच्या अभिलेखागारात आहे. त्यात खोदकाम करणारे मजूर आहेत, त्यांच्या फळ्यांच्या झोपड्या, दारात उभ्या बायका, पोरे. माणसे थेट कॅमेऱ्याकडे पाहतात. हे फोटो पाहताना मी बराच वेळ न्यूटन यांच्या माणुसकीचे कौतुक करत होतो. मग लक्षात आले, की गाड्या सुरूच झालेल्या नव्हत्या. तोऱ्यात येणारी एक्सप्रेस नव्हती, म्हणून कॅमेरा माणसांकडे वळला. न्यूटन मोठे आहेतच, पण रिकाम्या मार्गानेही त्यांना मदत केली. आणि त्या मजुरांचीही नावे बहुतेक नाहीत. चेहरे उरले, तेवढेच.

आता हे सगळे विखुरते आहे. जी पिढी साठीच्या दशकात पंधरा-वीस वर्षांची होती ती आता जाते आहे. घरचे लोक स्लाइडचे डबे विकतात, वही टाकून देतात. वहीत क्रमांक आणि तारखा होत्या. वही गेली की स्लाइड मुकी. कोडाक्रोमचे रंग टिकले आहेत, इतर अनेक फिल्मचे किरमिजी होत चालले आहेत. जुन्या निगेटिव्हचा डबा उघडला की कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, म्हणजे फिल्म सडू लागली. ब्रिटनमध्ये छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे राहतो. पण छायाचित्रकार कोण हेच माहीत नसेल तर हक्क कुणाचा? मग प्रती निघतात, प्रतींच्या प्रती निघतात आणि प्रत्येक वेळी फक्त पुढची बाजू निघते. पाठ मागे राहते. लफबरोच्या खोक्यातला तो कोरा चौथा फोटो बहुधा असाच कशाची तरी प्रत असावा.

यात माझाही एक अनुभव आहे. आमच्या घरात वडिलांचा कामावरचा एकच फोटो, माझ्या जन्माआधीचा. इंजिनापुढे तिघे उभे आहेत, मधले वडील, हातात पाना. मी त्याची प्रत, मागे वडिलांचे नाव लिहून, इंग्लंडमधल्या एका हौशी मंडळाकडे पाठवली. महिन्याभरात चार पानी उत्तर आले. इंजिनाच्या अंगावरची पाटी शंकरपाळ्याच्या आकाराची आहे, म्हणजे ते ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीच्या क्वीन्स पार्क कारखान्यातले. तो आकार तिथल्या आधीच्या ड्यूब्ज कंपनीपासून चालत आलेला. दिव्याच्या बदललेल्या जागेवरून फोटोचा काळ मी लिहिला त्याहून तीन-चार वर्षे अलीकडचा. मी थक्क झालो. घरात पन्नास वर्षे जे कुणाला दिसले नाही ते त्यांना दिसले. पुढे तो फोटो त्यांच्या त्रैमासिकात आला. खाली इंजिनाचा वर्ग, कारखाना, 'मनमाड' आणि 'छायाचित्रकार अज्ञात' असे छापले होते. वडिलांचे नाव नव्हते.

मी रागाने पत्र लिहिले. संपादकांचे उत्तर सौजन्याचे होते. चूक झाली, पुढच्या अंकात दुरुस्ती देतो; कृपया तिघांचीही नावे कळवा.

तिघांचीही. डावीकडचा कोण आणि उजवीकडचा कोण, हे मी आयुष्यात कधी वडिलांना विचारले नव्हते, आणि वडील जाऊन बारा वर्षे झाली होती.

फोटो घेऊन मनमाडला गेलो. शेडमधून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले एक काका भेटले. चष्मा पुसून त्यांनी फोटो खिडकीकडे धरला आणि पहिले वाक्य बोलले ते असे: ''अरे, हे इंजिन! याचा इंजेक्टर फार छळायचा.'' मग वडिलांच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, ''हा तुझा बाप.'' उजवीकडच्याकडे बराच वेळ पाहिले. ''हा अण्णा. नाही, अण्णा उंच होता. पण टोपी अण्णाचीच वाटते.'' डावीकडचा त्यांना आठवला नाही. नवा होता बहुतेक, म्हणाले, पोरगाच दिसतोय.

घरी आल्यावर फोटो उलटा केला. पेनाची शाई कागदातून पुढे उतरते म्हणून पेन्सिल घेतली. इंजिन, कारखाना आणि वर्ष इंग्लंडच्या पत्रातून उतरवले. मधल्याचे पूर्ण नाव लिहिले. उजवीकडच्यासमोर 'अण्णा (?), टोपीवरून' असे लिहिले, आणि डावीकडच्यासाठी जागा सोडली.